सुरात लावलेला दात

दातांच्या डॉक्टरशी लग्न करताना मुलीला कोणी सावध करत नाही. दारुड्याशी करताना करतात, उधळ्याशी करताना करतात, कवी असला तर सगळी भावकी आडवी पडते. पण दातांचा डॉक्टर म्हटला की सगळे खूश. शांत स्वभाव, ठरलेल्या वेळा, स्वच्छ हात. आपण हसलो की हा माणूस आपल्या चेहऱ्याकडे न बघता आपल्या दातांच्या वरच्या ओळीकडे बघणार आहे, हे बिचारीला लग्नानंतर कळतं.

ह्या गोष्टीतले डॉक्टर असेच होते, आणि त्यांची बायको जॅझ गायची. बावीस वर्षं ती हॉटेलांच्या जेवणघरांत गात होती. लोक काटेचमचे वाजवत जेवायचे, मध्येच एखादा मान डोलवायचा, ती मान गाण्याला आहे की पदार्थाला हे शेवटपर्यंत कळायचं नाही. डॉक्टर दर शनिवारी कोपऱ्यातल्या टेबलावर बसून ऐकायचे आणि घरी जाताना गाडीत म्हणायचे, "अप्रतिम."

आता खरं सांगायचं तर डॉक्टरांना गाण्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. गळा नसलेली माणसं पुष्कळ असतात, डॉक्टरांना कानच नव्हता. दोन सूर एकामागून एक वाजवले तर त्यातला वरचा कुठला आणि खालचा कुठला हे त्यांना चिठ्ठ्या टाकून ठरवावं लागलं असतं. लग्न जमताना त्यांनी हे सांगितलं नाही, कारण सांगितलं तर लग्न मोडेल अशी भीती होती. नंतर सांगितलं नाही, कारण आधी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपली एक युक्ती काढली होती. बेस, म्हणजे ते माणसाएवढं उभं तंतुवाद्य, वाजवणाऱ्याकडे बघत राहायचं आणि त्याने डोळे मिटले की "वा!" म्हणायचं. युक्ती चांगली होती. बेसवाल्याला जांभई आली तेव्हाही एकदा "वा!" निघून गेला, पण तेवढं चालायचंच.

आणि बायको एकोणपन्नास वर्षांची झाल्यावर, कधी नव्हे ते, तिच्या स्वतःच्या नावाची रेकॉर्ड निघायची ठरली. मुख्य गाणं होतं एका जुन्या संगीतिकेतलं. त्या नाटकात दुकानात काउंटरवर उभी राहणारी एक मुलगी असते आणि एक गिऱ्हाईक रोज येऊन तिच्याकडून नको असलेले मोजे विकत घेत असतं. घेतं, जातं, मनातलं काही बोलत नाही. शेवटी चौथ्या महिन्यात ती काउंटरवर हात आपटते आणि गाते:

सहज सुचलं म्हणून सांगते,
सगळं समजून सोडून देते,
साधीसुधी संध्याकाळ ही
सोबत असली की सोन्याची होते.

गाणं गोड आहे, सगळ्यांना पाठ आहे, आणि गीतकाराला 'स' कुठेतरी घाऊक भावात मिळाला असावा. चार ओळींत बारा. पुढच्या कडव्यांतही हात आखडता घेतलेला नाही.

रेकॉर्डिंगच्या दहा दिवस आधी बायकोचा वरचा पुढचा दात तुटला. तालमीत ती डोळे मिटून माइकच्या अगदी जवळ गेली आणि त्याच वेळी बेसवाल्याचा पाय माइकच्या दांड्याला लागला. हा बेसवाला पन्नाशीचा, उंचीने बेसपेक्षा चार बोटं कमी, म्हणून सगळे त्याला छोटू म्हणायचे. "माइक आपणहून पुढे आला," असं छोटूचं म्हणणं होतं.

घरात डॉक्टर असल्यावर काळजी कसली? डॉक्टरांनी उरलेला दात घासला, माप घेतलं, कॅप करायला ते लॅबकडे पाठवलं. इथवर सगळं रीतसर झालं. पण इथेच त्यांची बुद्धी फिरली, ती का फिरली हे समजून घ्यायला हवं. बायकोचा तो दात मुळात जरासा वाकडा होता. फार नाही, केसभर. शेजारच्या दातावर कोपर टेकवून उभा असल्यासारखा. बावीस वर्षं रोज सकाळी चहाच्या टेबलावर तो दात डॉक्टरांच्या समोर यायचा. शिंप्याला पाहुण्याच्या सदऱ्याचं चुकीच्या काजात घातलेलं बटण जसं दिसत राहतं, तसा तो त्यांना दिसत राहायचा. बोलले कधी नाहीत. आता तो तुटला होता. रेकॉर्डच्या वेष्टनावर तिचा हसरा फोटो यायचा होता. त्यांच्या दवाखान्याच्या कपाटात तिच्या जुन्या दातांचा प्लास्टरचा साचा होता, लॅबला तेवढा पाठवला असता तर होता तसा दात तयार होऊन आला असता. डॉक्टरांनी तो पाठवला नाही. त्यांनी पुस्तकातला, नमुनेदार, सरळ दात मागवला. आणि बायकोने "तो जुना साचा आहे ना तुमच्याकडे?" असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, कपाट हलवताना फुटला."

म्हणतात ना, दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. गायचे दात तिसरेच असतात, हे त्या म्हणीत राहून गेलं आहे आणि डॉक्टरांच्या अभ्यासक्रमातही नव्हतं.

रेकॉर्डिंगच्या आदल्या संध्याकाळी कॅप पक्क्या सिमेंटने बसली. ओठ बधिर होता, त्यामुळे त्या रात्री कोणाला काही कळलं नाही. सकाळी बायकोने साखरेचा डबा उघडला आणि म्हणाली, "साखर संपली."

दोन शिट्ट्या आल्या. बारीक, लांब, स्वच्छ शिट्ट्या. डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"बाहेर काय बघताय?" बायको म्हणाली. "मी वाजतेय! सकाळी सकाळी सगळं..." तीन. ती तिथेच थांबली आणि तिने हाताने तोंड झाकलं. तोंडावर हात धरून ती जे बोलली त्यात 'स' नव्हता, पण ते इथे लिहिण्यासारखंही नाही.

"सवय होईल," डॉक्टर म्हणाले.

"कोणाला? ऐकणाऱ्यांना?"

कॅप काढायची तर फोडावी लागणार आणि नवी यायला आठवडा. रेकॉर्डिंग पुढे ढकलायचं तर पियानोवाले मास्तर दुसऱ्या दिवसापासून सहा महिने जहाजावर प्रवाशांची करमणूक करायला निघाले होते, आणि मास्तरांशिवाय हे गाणं करायचं नाही असा बायकोचा हट्ट होता. "बॅग घ्या तुमची," ती डॉक्टरांना म्हणाली, "आणि चला माझ्याबरोबर. आज दवाखाना बंद." बावीस वर्षांत ती त्यांना स्टुडिओत कधी घेऊन गेली नव्हती. अशा कारणाने जावं लागेल असं डॉक्टरांना वाटलं नव्हतं.

स्टुडिओ म्हणजे एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावरची लांबट खोली. भिंतींना गाद्यांसारखं काहीतरी ठोकलेलं, जमिनीवर वायरींचा गुंता, एका बाजूला मोठी काच आणि काचेमागे रेकॉर्डिंग करणारी बाई. ती बाई फार कमी बोलायची आणि जे बोलायची ते छतातल्या स्पीकरमधून यायचं, त्यामुळे तिचं साधं "पाणी कोणाला हवंय?" सुद्धा आकाशवाणीसारखं वाटायचं.

पहिला टेक सुरू झाला. मास्तरांनी चार सूर सोडले, छोटूने बेस धरला, बायको माइकपाशी आली. सहज. सुचलं. सांगते.

"तीन शिट्ट्या झाल्या," छोटू म्हणाला. "गॅस बंद करा."

मास्तर हसले नाहीत. मास्तर सत्तरीचे होते, आणि सत्तरीतल्या माणसाला हसण्याआधी पुढचं दिसतं. त्यांनी पियानोचं झाकण हळूच खाली ओढलं आणि विचारलं, "बाई, हे काय आहे?"

"ह्यांना विचारा," बायको म्हणाली.

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर बॅग पोटाशी धरून भिंतीला टेकले होते. एरवी त्यांच्यापुढे लोक घाबरून बसायचे. उलट बाजूने हे कसं वाटतं हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

मग उपाय सुरू झाले. काचेमागची बाई म्हणाली, मी मशीनवर प्रत्येक शिट्टी कापून टाकते. तिने एक ओळ कापून ऐकवली. शिट्टीबरोबर 'स'ही गेला होता, आणि काउंटरवरची ती धीट मुलगी तोंडात बटाटा घेऊन उभी असल्यासारखी वाटत होती. छोटू म्हणाला, शब्दच बदलू, 'स' नसलेले घालू. पण त्या संगीतिकेच्या मालकांनी परवानगीच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की चाल हवी तशी फिरवा, शब्दाला हात लावायचा नाही. शेवटी डॉक्टरांनी बॅगेतून मेण काढलं आणि दातामागच्या फटीत भरलं. एक अख्खं कडवं बिनशिट्टीचं झालं. डॉक्टरांचा ऊर भरून आला. दुसऱ्या कडव्यात मेण श्वासाने मऊ झालं, तिसऱ्यात ते सुटलं, आणि चौथ्यात बायकोने ते गिळलं.

"मेण पोटात गेलं, आता मी मेणबत्ती होऊन वाजत वाजत जळते की काय?" ती खुर्चीत बसली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "बावीस वर्षं लोकांच्या सूपवर गायले हो मी. एक दिवस मागितला होता. एक."

डॉक्टरांना तेव्हा जे वाटलं ते उगाच वळण घेऊन सांगण्यात अर्थ नाही. त्यांना रडू आलं. मोठ्या माणसाला परक्या खोलीत येतं तसं, नाकातून आलं, आणि त्यांनी ते रुमालात शिंकरून टाकलं.

मास्तर मात्र त्या शिट्टीचाच विचार करत होते. "बाई, एकदा नुसतं 'स' म्हणा," ते म्हणाले. तिने म्हटलं. "पुन्हा." तिने पुन्हा म्हटलं. मास्तरांनी पियानोच्या उजव्या टोकाच्या पट्ट्या चाचपल्या. त्यांचे डोळे बारीक झाले. "गंमत आहे. शिट्टी दर वेळी एकाच सुरात येते. काळी चारच्या जरा वर, पांढरी सहाच्या जरा खाली. दोघींच्या मधल्या फटीत."

"मग?" छोटू म्हणाला.

"मग काय! हा सूर काळी चारवर आणला तर मी अख्खं गाणं त्याच्याभोवती बांधतो. हात असा फिरवतो की शिट्टी जिथे पडेल तिथे ती आपलीच वाटेल. आपण काय, जॅझवाले. चुकीला पाहुणी म्हणून बसवून घ्यायचं, हाच आपला धंदा." मास्तर डॉक्टरांकडे वळले. "डॉक्टर, दात जरा खाली उतरवता येईल का?"

"खाली म्हणजे हिरडीकडे की..."

"सुरात हो!"

डॉक्टर आ वासून उभे राहिले. त्यांनी आयुष्यात हजारो दात भरले होते, काढले होते, एकदा एका हवालदाराचा सोन्याचा दात त्याने गिळल्यावर तीन दिवस वाट बघून परतही बसवला होता. पण दात सुरात लावून द्या असं कोणी म्हटलं नव्हतं. "फट किंचित वाढवता येईल," ते चाचरत म्हणाले. "घासायची पट्टी आहे माझ्याकडे."

"फट वाढली की सूर उतरतो," छोटू म्हणाला. "माझ्या मोरीच्या खिडकीचा अनुभव आहे."

"पण एक लक्षात घ्या," डॉक्टर म्हणाले. "मला काढता येतं, परत घालता येत नाही. एक घासा जास्त झाला की झालं."

त्याआधी मास्तरांना शिट्ट्या कुठे कुठे येणार ते पक्कं हवं होतं. डॉक्टरांनी हे काम मागून घेतलं, निदान एवढं तरी आपल्याला जमेल म्हणून. गाण्याचा कागद मांडीवर घेऊन त्यांनी पेन्सिलने प्रत्येक 'स'खाली खूण केली, किडलेले दात तक्त्यावर नोंदवतात तशी, एकही न सोडता. एकसष्ट निघाले. दोनदा मोजले, एकसष्टच. मास्तरांनी त्या खुणा बघून पंधरा मिनिटांत गाण्याचा सांगाडा नव्याने बांधला.

मग बायकोला पियानोच्या बाकावर आडवं केलं. डोकं टेकायला काही नव्हतं म्हणून छोटू मागे बसला आणि त्याने तिचं डोकं आपल्या हातांत धरलं. बेस धरायची सवय, त्यामुळे तो मधूनमधून तिच्या कानामागे बोटं वाजवायचा आणि मास्तर त्याला दटावायचे. काचेमागच्या बाईने माइक खाली करून तोंडाशी आणून दिला. डॉक्टरांनी हातमोजे चढवले, पट्टी दातांच्या मधे सरकवली आणि दोनदा ओढली.

"स," बायको म्हणाली.

मास्तरांनी काळी चार वाजवली. "उतरतोय. अजून."

दोन घासे. "स."

"अजून अर्धा."

अर्धा घासा म्हणजे किती हे डॉक्टरांनी विचारलं नाही. असं करत करत दहा-बारा फेऱ्या झाल्या, आणि मग जे व्हायचं तेच झालं. दोन वाजवणारे एकत्र आले की एक सूर तीन ठिकाणी असतो.

"आला!" मास्तर म्हणाले. "थांबा. बरोब्बर."

"कुठला बरोबर?" छोटू म्हणाला. "अजून चढा आहे. एक घासा हवा."

"चाळीस वर्षं पियानो वाजवतोय मी."

"तुमच्या पियानोला पट्ट्या आहेत मास्तर, दुसरा कोणीतरी लावून देतो. बेसला पट्ट्या नसतात. मी रोज कानाने शोधतो."

"तुझ्या कानाने माइक दिसला नाही तुला!"

हातघाईवर आलेलं प्रकरण काचेमागच्या बाईने थांबवलं. छतातून आवाज आला, "डॉक्टरांना विचारा. पट्टी त्यांच्या हातात आहे. बावीस वर्षं गायिकेशी संसार केलाय, कान तयार असणारच."

"हां," मास्तर म्हणाले. "हे बरोबर बोलल्या. डॉक्टर, तुम्ही तटस्थ माणूस. सांगा, थांबायचं की घासायचं?"

डॉक्टरांना दातखीळ बसली. एक घासा कमी पडला तर एकसष्ट वेळा बेसूर, एक जास्त झाला तरी एकसष्ट वेळा बेसूर, आणि परत फिरायची सोय नाही. त्यांनी सवयीने छोटूकडे पाहिलं. छोटूचे डोळे टक्क उघडे होते.

"मूळ दाताचा साचा असता तर हे काहीच करावं लागलं नसतं," मास्तर उसासून म्हणाले. "तासाभरात जसाच्या तसा तात्पुरता दात करता आला असता, नाही का?"

"पण तो फुटला ना, बाई सकाळीच म्हणाल्या," छोटू म्हणाला. बायकोने तोंड उघडं ठेवून मान हलवली.

खात्री नसताना दाताला हात लावायचा नाही, हा नियम डॉक्टरांनी तीस वर्षं पाळला होता. त्यांनी पट्टी बाहेर काढली.

"फुटला नाही," ते म्हणाले. "कपाटात आहे. दुसऱ्या फळीवर. मी मुद्दाम सरळ दात मागवला. तुझा जुना वाकडा होता, मला तो बावीस वर्षं खुपत होता, आणि फोटो यायचा होता म्हणून मी..." इथे त्यांचा श्वास संपला, तो घेऊन ते पुढे म्हणाले, "आणि मास्तर, मला विचारू नका. मला सूर कळत नाही. कुठलाच नाही. आत्ता जे वाजत होतं ते सगळं मला सारखंच ऐकू आलं. मी ह्या छोटूचे डोळे बघून वा म्हणतो."

छोटूने आपले डोळे विनाकारण मिटले आणि पुन्हा उघडले.

बायको उठून बसली. डॉक्टरांना वाटलं, आता ही काही बोलली नाही तर बरं, आणि लगेच वाटलं, काहीतरी बोलली तर बरं.

"माझा आवाज त्या वाकड्या दातावर बसलेला होता," ती म्हणाली. तिने शिट्ट्यांची पर्वा केली नाही, सगळे 'स' वाजू दिले. "तुम्हाला तो चूक दिसत होता. मी त्याच्या आधाराने गात होते. आणि तुमचे कान, अहो, तुमचे कान वाकडे आहेत हे मला पहिल्या शनिवारीच कळलं होतं. मी शेवटचा सूर सोडायच्या आत तुम्ही वा म्हणून मोकळे झाला होता. मी कधी तुमचे कान सरळ करायला घेतले?"

डॉक्टर म्हणाले, "मी आत्ता जातो. साचा आणतो. तासाभरात करून देतो, होता तसा."

"पाच वाजता मास्तरांना सामान पोचवायचंय बंदरावर. बसा तिथे." मग ती मास्तर आणि छोटूकडे वळली. "आणि तुम्ही दोघं! सगळ्यांना विचारलंत, अगदी डॉक्टरांनाही विचारलंत. दात माझ्या तोंडात आहे. शिट्टी मी वाजवतेय. मला कोणी विचारलं?"

मास्तरांनी मान खाली घातली. छोटूने बेसच्या मागे आश्रय घेतला. बेस त्याच्यापेक्षा उंच असल्याचा त्याला पहिल्यांदाच फायदा झाला.

"स," बायको म्हणाली आणि कान देऊन ऐकलं. "सूर बरोबर आहे. मास्तर बरोबर. छोटू, तुझी तार उतरलीय, ती लाव. टेक."

काचेवरचा लाल दिवा लागला.

डॉक्टर भिंतीला लागून स्टुलावर बसले. त्यांच्या हातात खुणांचा कागद होता. ह्या वेळी छोटूच्या डोळ्यांकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, मग बघायचं कुठे हा प्रश्न होता, म्हणून ते कागदाकडे बघत राहिले. पहिली शिट्टी आली. त्यांनी पहिल्या खुणेवर बोट ठेवलं. दुसरी आली, बोट दुसऱ्यावर गेलं. जॅझमध्ये बाई शब्द कधी उशिरा आणणार, कधी आधीच टाकून मोकळी होणार, कधी ओढून धरणार, ह्याचा नेम नसतो. एरवी डॉक्टर दुसऱ्याच ओळीत वाट चुकून जायचे आणि मनातल्या मनात दुसऱ्या दिवशीच्या पेशंटांचा हिशेब करू लागायचे. आज रस्त्यावर खांब रोवलेले होते. ती कुठे आहे हे त्यांना प्रत्येक क्षणी माहीत होतं. तिने 'सगळं' लवकर म्हटलं तर ते धावत जाऊन तिला गाठायचे, 'समजून' उशिरा आणलं तर खांबापाशी थांबून वाट बघायचे. आणि असं तिच्या मागे मागे चालताना शब्द कानांत गेले. काउंटरवरची मुलगी त्या मोजेवाल्याला सांगत होती की मला कधीपासून सगळं माहीत आहे, तू एकदा बोल म्हणजे झालं. हे गाणं त्यांनी आजवर निदान शंभरदा ऐकलं असेल. ते मोज्यांबद्दल आहे एवढंच त्यांना वाटत होतं.

त्यांचं तोंड उघडं पडलं होतं, कपाळावर आठ्या होत्या आणि बोट कागदावरून मुंगीच्या गतीने सरकत होतं. शेवटचं 'सांगते' आलं. बोट शेवटच्या खुणेवर टेकलं. मास्तरांचे शेवटचे सूर हवेत रेंगाळले, विरले, आणि लाल दिवा गेला.

"झालं," छत म्हणालं. थोडं थांबून ते आणखी म्हणालं, "फारच छान झालं." त्या बाईच्या मानाने हे भाषण होतं.

सगळे काचेमागच्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिले आणि गाणं परत ऐकलं. मास्तरांनी जे सांगितलं होतं ते खरं करून दाखवलं होतं. शिट्टी आता चूक वाटत नव्हती. काउंटरवरची ती मुलगी मनाचा हिय्या करून बोलता बोलता स्वतःलाच शीळ घालून धीर देतेय असं वाटत होतं. गाणं संपल्यावर मास्तरांनी चष्मा काढून पुसला. छोटू म्हणाला, "म्हणजे एकंदरीत माझा पाय लागला ते बरंच झालं." त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

बायकोने विचारलं, "कसं झालं?" ती डॉक्टरांना विचारत होती.

डॉक्टरांच्या जिभेवर 'अप्रतिम' आलं होतं. त्यांनी ते गिळलं, सकाळी तिने मेण गिळलं होतं तितक्याच कष्टाने. "मला नाही कळत," ते म्हणाले. "पण बासष्ट झाल्या."

"काय बासष्ट?"

"शिट्ट्या. कागदावर एकसष्ट आहेत. मी आत्ता मोजल्या. शेवटच्या शब्दानंतर एक जास्त आली. आत असताना पियानोमुळे लक्षात आलं नव्हतं, पण आता आली."

"शक्यच नाही," मास्तर म्हणाले. "मी कान देऊन ऐकत होतो."

काचेमागच्या बाईने शेवटचा तुकडा पुन्हा लावला, आवाज वाढवला. शेवटचं 'सांगते' झालं. पियानोचे सूर विरत गेले, आणि त्यांच्या तळाशी, अगदी बारीक, एक छोटीशी शिट्टी आली. तिच्यात शब्द नव्हता.

मास्तर वळून डॉक्टरांकडे बघत राहिले. छोटू म्हणाला, "वा!" आणि त्याचे डोळे मिटलेले नव्हते.

"हे काय आहे?" काचेमागच्या बाईने विचारलं. "शब्द बदलायचे नाहीत असं पत्रात आहे."

"शब्द नाही तो," बायको म्हणाली. "मी हसले. शेवटी डोळे उघडले तर समोर हे. बोट कागदावर, तोंड उघडं, वर्गात पहिला यायला निघालेल्या मुलासारखे. मला आवरलं नाही. तोंड मिटून हसले, ते दातातून बाहेर आलं."

"एका मिनिटात काढून टाकते," ती बाई म्हणाली आणि तिचा हात बटणाकडे गेला.

"नको," डॉक्टर म्हणाले. स्टुडिओत ज्याचं मत विचारण्याचं काही कारण नव्हतं असा तो एकच माणूस होता, म्हणून सगळ्यांना जरा नवल वाटलं. "म्हणजे, तुम्ही ठरवा. पण मला तेवढं राहायला हवंय."

बायकोने त्यांच्या हातातून कागद घेतला, त्यांच्या खिशातली पेन्सिल घेतली आणि शेवटच्या ओळीच्या खाली, जिथे काहीच लिहिलेलं नव्हतं, तिथे बासष्टावी खूण करून कागद त्यांना परत दिला.